काचेवरची अरुंधती

मी लांबडा बोलतोय. हे माझं खरं नाव नव्हे. खरं नाव माझ्या गळ्याशी पितळेत कोरलेलं आहे, पण ते इंग्रजीत आहे आणि मला वाचता येत नाही. शाळा मी पाहिली ती बाहेरून, मास्तर आणि पोरं ओळीनं बसवून फोटो काढतात तेव्हा. त्यामुळं माझ्याकडून शुद्ध बोलण्याची आशा धरू नका. गोडही बोलता येत नाही. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, ज्याला घाई आहे त्यानं वाटेला लागावं.

मी कॅमेऱ्याचा डोळा आहे. हातभर पितळी नळा, पुढच्या तोंडाशी मोठं भिंग, मागं लहान. जवळचं मला दिसत नाही. समोर माणूस येऊन उभा राहिला तर माझ्यापुरतं ते धुकं. पण कोसावरच्या झाडावरचं घरटं दाखवा, काडी न् काडी सांगतो. लांबचं डोळ्यानं आणि जवळचं कानानं, अशी माझी सगळी हयात गेली. माझ्या गोष्टीत जिथं मी 'पाहिलं' म्हणेन तिथं ते लांबचं समजा.

जन्म विलायतेतला. जिथं मला घासून-पुसून तयार केलं त्या गावात आभाळ म्हणून काही नव्हतंच, नुसता धूर. माझी काच घासणारा म्हातारा मला खिडकीशी धरून समोरच्या कारखान्याच्या धुराड्यावर रोखायचा आणि विटा स्वच्छ दिसल्या की मान डोलवायचा. विटा हे मी जगात पाहिलेलं पहिलं दृश्य. त्यात काय सुख असणार, सांगा.

तिथून बेळगावच्या कॅम्पातल्या एका तोफखान्याच्या साहेबानं मला मागवलं. साहेब वाईट नव्हता, पण त्याला सगळं लांबूनच बघायची सवय. पक्षी लांबून, किल्ल्याचा तट लांबून, बाजार लांबून, माणसं तर आणखी लांबून. माझ्यासारखा नोकर त्याला बरोबर मिळाला होता.

मग एका उन्हाळ्यात शेंडेनक्षत्र उगवलं. लोक घाबरले. दिवेलागणीला बाया पोरांना आत घेऊन दारं लावायच्या. साहेबानं मला बंगल्यासमोरच्या मैदानात नेलं आणि पहिल्यांदाच माझं तोंड वर केलं.

तोवर मला वाटायचं, लांब म्हणजे कोस-दोन कोस. त्या संध्याकाळी लांब म्हणजे काय ते कळलं. आणखी एक कळलं. जमिनीवर मी अरुंद बघणारा म्हणून बदनाम. एक झाड बघितलं की शेजारचं माझ्यात मावत नाही. पण वर आभाळात दुर्बिणी रुपयाएवढाच तुकडा बघत बसतात, तिथं माझ्यात सूपभर आभाळ मावलं. मी ह्यासाठीच जन्मलो होतो आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून जी ओढ लागली ती आजतागायत सुटलेली नाही. साहेबानं दुसऱ्याच दिवशी मला पुन्हा पक्ष्यांवर लावलं.

शेंडेनक्षत्राचा फोटो साहेबानं ज्या काचेच्या प्लेटीवर काढला होता, ती धुवायला गेली गावातल्या मार्तंडाकडं. मार्तंडाचा गल्लीत फोटोचा धंदा होता. लग्नाची जोडपी, तालमीतले पैलवान, नोकरीला लागलेली पोरं, हे त्याचं गिऱ्हाईक. साहेबाच्या प्लेटीवर शेंडेनक्षत्राची शेपटी आली होती, पण मागचे तारे शेवयांच्या तुकड्यांसारखे लांबले होते. मार्तंडानं साहेबाला विचारलं, असं का. साहेब म्हणाला, आभाळ फिरतंय, आपण गप्प उभे राहिलो की असंच होणार. त्याच्याबरोबर फिरलं तरच तारा तारा राहतो. मार्तंडानं ते डोक्यात ठेवलं.

पुढं मोठी लढाई लागली. साहेब बोटीवर चढला आणि त्याच्या सामानाचा कॅम्पात लिलाव झाला. मला मार्तंडानं घेतलं. घरी नेलं तेव्हा त्याची आई अक्काताई दारातच उभी होती.

"ह्यो लांबडा कशाला आणलास रं?"

"आई, ह्यानं लांबचं जवळ येतंय."

"मग तुझ्या बापाला आण की जवळ."

बोलून गेली आणि आत वळली. मार्तंडाचा बाप प्लेगात गेला होता. पण नाव तेवढं चिकटलं.

आईला दाखवायला म्हणून मार्तंडानं मला धंद्याला लावून बघितलं. आता माझा हा स्वभाव, चेहरा टिपायचा तर मला रस्ता ओलांडून जावं लागतं. गिऱ्हाईक खोलीत खुर्चीवर, दार सताड उघडं आणि मी समोरच्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर. एक नवरदेव फेटा बांधून ताठ बसला, मार्तंडानं झाकण काढलं आणि नेमकी मधून कुणाची तरी म्हैस निघाली. प्लेटीवर फेटा आला, बाकी सगळी म्हैस. अक्काताई ती प्लेट येईल त्या पाहुण्याला दाखवायची आणि म्हणायची, नवऱ्यापेक्षा म्हशीचा फोटू बरा आलाय.

त्याच कट्ट्यावरून, त्याच दिवशी मी मार्तंडाच्या बायकोला पाहिलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. बाकी सगळा जन्म ती माझ्याजवळच होती, म्हणून दिसली नाही.

दिवेलागण झाली होती. मार्तंड तिवई आवरत होता. शालूबाई त्याला जेवायला बोलवायला दारात आली. तरणीताठी बाई, मोठं कुंकू, डोळे उघडे. पण पायरी उतरताना तिनं आधी पाय पुढं केला, अंगठ्यानं पायरी चाचपली, मग वजन टाकलं. एक हात भिंतीला. मी कोसावरची काडी ओळखणारा, मला हे कळणार नाही? ह्या बाईला अंधारात दिसत नव्हतं.

घरात हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे निदान तिला तसं वाटत होतं. येळ्ळूरच्या शेतकऱ्याची लेक. जन्मापासून रातांधळी. दिवसा तिच्याइतकी तीक्ष्ण नजर गल्लीत कुणाची नव्हती. दिवस कलला की मात्र सगळं घर तिच्यासाठी विरघळून जायचं. ती उजेड आहे तोवर स्वयंपाक उरकायची, पाणी भरायची आणि अंधार पडल्यावर भिंतीला हात लावून सावकाश हिंडायची. सासूला वाटायचं, आळशी आहे. "सूर्य मावळला की हिचं अंग मोडतंय," असं ती ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची. शालूबाई ऐकून घ्यायची. आंधळी म्हणवून घेण्यापेक्षा आळशी बरं, असा तिचा हिशेब.

दिवसाचं तिचं काम मात्र घराचा कणा होतं. उत्तरेच्या खिडकीत ती प्लेटी साफ करायला बसायची. तुम्हाला त्या कामातलं कळत नसेल, म्हणून सांगतो. काचेच्या प्लेटीवर सगळं उलटं उमटतं. उजळ ते काळं, काळं ते स्वच्छ काच. देवीचे वण असलेल्या नवरीच्या गालावर प्लेटीत पारदर्शक खड्डे दिसतात, ते बारीक पेन्सिलीनं भरायचे. धूळ, डाग ह्यांचे काळे ठिपके येतात, ते अणकुचीदार चाकूच्या टोकानं अलगद खरडून काढायचे. जास्त दाबलं तर काच फोडल्यासारखं भोक पडतं, कमी दाबलं तर डाग तसाच. शालूबाईचा हात असा की गल्लीतल्या कैक पोरींची लग्नं त्या हातानं जमली. घरची रीत अशी होती, रात्री धुतलेल्या प्लेटी मार्तंड खिडकीतल्या लाकडी घोडीवर वाळत लावायचा आणि सकाळी घोडीवर जे असेल ते शालूबाईचं काम. विचारायचं नाही, सांगायचं नाही.

आता लग्नाचं सांगतो. तेव्हा मी साहेबाकडं होतो, पण पुढं दोघांच्या बोलण्यातून सगळं कळलं. आपल्याकडं लग्न लागलं की भटजी नवरा-नवरीला मांडवाबाहेर नेऊन आभाळ दाखवतात. आधी ध्रुव, मग सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली बारकी अरुंधती. दिसली का विचारायचं, नवरीनं दिसली म्हणायचं. शालूबाईला विचारलं तेव्हा तिच्यापुढं तव्याच्या बुडासारखा अंधार होता. दहाजण बघत होते. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "दिसली."

एवढ्यावर भागलं असतं. पण अक्काताई कधीतरी शेजारणीशी बोलताना म्हणाली, अरुंधती ज्या बाईला दिसत न्हाय तिचं कुंकू टिकत न्हाय म्हनत्यात. ती सहज बोलली. शालूबाई चुलीपुढं होती. त्या दिवसापासून मार्तंडाला साधा खोकला आला तरी ती बाई रात्रभर जागी. मला बाजूच्या फळीवरून तिच्या बांगड्या ऐकू यायच्या.

हे असं काही वर्षं चाललं. मग एका वैशाखात तिच्या चुलत बहिणीचं येळ्ळूरला लग्न झालं. ऐन वेळी बायका म्हणाल्या, शालूआक्का थोरली हाय, तिनंच दावावी अरुंधती नवरीला. हिला पळायला जागा नाही. हिनं बोट वर केलं. नवरी म्हणाली, "आक्का, तिकडं तर चिचंचं झाड हाय." बायका हसल्या. हीही हसली. 

घरी आल्यावर मार्तंड लाल काचेचा कंदील लावून अंधारखोलीत प्लेटी धूत होता. ती उंबऱ्यावर येऊन बसली.

"आवो, तारा कसा असतोय?"

पाण्याचा आवाज थांबला.

"म्या कधी बघितला न्हाय," ती म्हणाली. "चंद्र बघितलाय. चांदणी एकसुदिक न्हाय. मला रातचं काय दिसत न्हाय. आईच्या पोटातनंच."

मार्तंड सांगायला लागला, काळ्या घोंगडीवर जोंधळा सांडावा तसं असतंय बघ.

"जोंधळा म्या बघितलाय," ती म्हणाली. "जोंधळा सांगू नगा. तारा सांगा."

त्याला सांगता आलं नाही. कुणाला येईल? मी आयुष्यभर लांबचं बघतोय, मलाही आलं नसतं. लग्नात आपण खोटं बोललो हे तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. पण त्या रात्री झोपण्याआधी त्यानं फळीवरून मला काढलं, फडक्यानं पुसलं आणि परत ठेवलं. माझ्या पितळेला कळलं. काहीतरी ठरलं होतं. जी बाई रात्री आभाळाकडं जाऊ शकत नाही, तिच्याकडं आभाळ दिवसा आणायचं.

तिला मात्र त्यानं सांगितलं नाही. जमलं नाही तर तिला आणखी एकदा फसवल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं असावं. माणसं चांगलं करायला निघाली की आधी लपवाछपवी करतात. ह्या एका खोडीनं त्यांचं जेवढं नुकसान होतं तेवढं दुष्टपणानंसुद्धा होत नसेल.

मला आभाळाबरोबर फिरवायचं तर लाकडी सांगाडा हवा. गल्लीच्या टोकाला यल्लाप्पा सुतार राहायचा. घरी कानडी, दारात मराठी, आणि तोंड दोन्हींत फटकळ. मार्तंडानं त्याला समजावलं, एक फळी बिजागरीवर बसवायची, बिजागरीचा दांडा ध्रुवाकडं रोखायचा आणि स्क्रू पिळत फळी हळूहळू फिरवायची. यल्लाप्पानं पान थुंकून विचारलं, "मार्तंडण्णा, आभाळ फिरतंय म्हणून माझं लाकूड फिरवायचं? आभाळालाच सांगा की जरा गप बसायला." पण केलं बेट्यानं. सागवान घासून असं केलं की फळी लोण्यासारखी फिरायची. फळीवर कॅमेरा, त्यात मी, आणि माझ्या अंगाला बांधलेली एक लहान दुर्बीण. मार्तंडानं दुर्बिणीला डोळा लावायचा, आतल्या दोन केसांच्या फुलीवर एक तारा धरायचा आणि तो तिथून हलू द्यायचा नाही. हात स्क्रूवर, श्वास रोखलेला.

चंद्र नसलेल्या दिवसांत येळ्ळूरच्या गडावर आम्ही जायचो. घरी सांगायचं, लग्नाची वर्दी आहे. अक्काताई म्हणायची, येळ्ळुरात यंदा लईच लग्नं निघाल्यात. खालच्या घरांत जेवणं चाललेली असायची, कुत्री भुंकायची, भाकरी भाजल्याचा वास वर यायचा. यल्लाप्पा घोंगडी पांघरून कंदिलावर टोपली झाकून बसायचा आणि मार्तंडाला शिव्या द्यायचा. 

प्लेटी वाया गेल्या. कधी तारे शेवया झाले. कधी मार्तंडाला शिंक आली आणि प्रत्येक ताऱ्याला शेंडी फुटली. कधी माझ्यावर दव बसलं. कधी ढग. पावसाळा गेला, थंडीत सप्तर्षी संध्याकाळचे नसतातच, पुन्हा उन्हाळा आला. मी एवढंच सांगेन की ते दिवस माझ्या आयुष्यातले खरे दिवस. मी तोंड वर करून असायचो आणि ते सात, आणि त्यांच्या मागं, मध्ये, आजूबाजूला माणसाच्या डोळ्याला न दिसणारे शेकडो, माझ्यातून निमूट आत उतरत असायचे. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. 

चैत्रातल्या एका संध्याकाळी सगळं जमून आलं. वारा नाही, दव नाही, मार्तंडाचा हात देवाचा झाला. प्लेट त्यानं घरी येऊन धुतली आणि लाल उजेडात धरून बघितली. मी त्याचा श्वास ऐकला. तो एकटाच हसला. ठिपके होते, शेवया नव्हत्या. आणि वसिष्ठाच्या कुशीत तो दुसरा, बारका.

त्यानं ती घोडीवर वाळत लावली. सवयीनं. आणि दिवस उजाडताच चौकट आणायला बाजारात पळाला. आनंदात माणूस इतका वेंधळा होतो की त्याला स्वतःच्या घरची रीत आठवत नाही.

शालूबाई अंघोळ करून खिडकीत बसली. घोडीवर एकच प्लेट. तिनं ती उचलून उजेडाला धरली, सगळी स्वच्छ काच आणि वर काळे ठिपकेच ठिपके, आणि जिभेनं च् केलं. त्या काळात जोडप्यामागं काळा पडदा ठेवायची टूम निघाली होती, मार्तंडानं नवं काळं कापड आणलंही होतं. तिला वाटलं, ह्यांनी नुसता पडदाच काढून बघितलाय. आणि धूळ केवढी बसलीय. आता सांगा, तिची काय चूक? ज्या बाईनं आयुष्यात तारा बघितला नाही तिला काळे ठिपके म्हणजे धूळच. तिच्या जागी रात्रीचं आभाळ बघितलेली दुसरी कुणीही असती तर तिनं ओळखलं असतं.

खर्र. चाकूचं टोक लागलं.

मला दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. मी फळीवर आडवा, बाई चार हातांवर आणि एकेक तारा चाकूखाली जात होता. खर्र, मग फुंकर, मग खर्र. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आज बोलतोय तसा त्या सकाळी बोललो असतो तर ह्या बोलण्याला काही किंमत होती. आधी बारके गेले, डोळ्यांना न दिसणारे, मी एकट्यानं ओळखलेले. मग मोठे. तिचं काम चोख. एका ठिकाणी ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "हे दोन कसं जोडीनं बसल्यात बघ." चाकू जरा वेळ उचललेला राहिला. माझी आशा तिथं अडकली. मग पुन्हा खर्र. आणि एक बारीक, खर्र.

मार्तंड चौकट घेऊन आला तेव्हा ती पदराला हात पुसत होती.

"केवढी धूळ वो त्या पडद्याच्या प्लेटीवर. डोळं गळाय आलं माझं. पन एक ठिपका ठेवला न्हाय."

चौकट कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. फुटायला हवा होता, मी तर फुटलोच असतो. पण तो म्हणाला, "झ्याक केलीस."

लग्नात ती 'दिसली' म्हणाली होती. हे त्याचं उत्तर. आणि दोघंही भाकरी खायला बसली.

त्यानं ती कोरी प्लेट टाकून दिली नाही, चौकटीत घालून कपाटावर ठेवली. अक्काताईनं विचारलं, ही कसली काच रं, मधी काय बी न्हाय? तो म्हणाला, असू दे. हे असंच राहिलं असतं, पण यल्लाप्पाच्या पोटात काय राहतंय? तीनचार दिवसांनी तो आपल्या मेहनतीचं फळ बघायला आला. मार्तंड वर्दीला गेला होता. शालूबाईनं ताक दिलं. ह्यानं चौकट उचलली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "वहिनी, तारे कुठं गेले ह्यातले?"

"कसले तारे?"

मग त्यानं सगळं सांगितलं. गड, फळी, दोन उन्हाळे, शिंक, शेंड्या. कुणासाठी तेही. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटी शेवटी त्याचा आवाज खाली गेला. ताक तसंच ठेवून तो निघून गेला.

शालूबाई रडली नाही. निदान मला ऐकू आलं नाही. ती चौकटीतून प्लेट काढून खिडकीत बसून राहिली. स्वयंपाकाची वेळ टळली. सासूनं दोनदा हाक मारली. मग मार्तंड घरात आल्याचं कळलं. त्याच्या चपला दारात थांबल्या.

"मला का सांगितलं न्हाई?"

"जमंल असं वाटलं नव्हतं."

"आन मी पुसल्यावर?"

"तू डोळे गाळून केलतंस. काय सांगणार?"

मग ती हळू म्हणाली, "मी लग्नात खोटं बोलली हुती."

"ठावं हाय मला."

"कवापास्नं?"

"तवापास्नं. सगळी उत्तरेला बघत हुती आन तू मांडवाच्या झालरीकडं."

आणि मग ती हसली. रडण्याच्या अगदी शेजारचं ते हसू. ती उठली असावी, कारण बांगड्या वाजल्या आणि प्लेट हातात तिरकी झाली असावी. रस्त्याच्या दारातून दुपारचं ऊन आडवं येत होतं आणि तिच्यासमोर अंधारखोलीचं दार उघडं होतं, आत काळामिट्ट काळोख.

"आवो," ती म्हणाली. "हिकडं या. अंधाराम्होरं धरा. न्हाय, तिरपी. उनात."

मार्तंड गेला. त्यानं प्लेट उनात तिरपी धरली.

मी ती प्लेट पाहिलेली नाही, ती माझ्या फार जवळ होती. दोघं एकमेकांना सांगत होती त्यावरून मला कळलं. चाकूनं जिथं जिथं खरडलं होतं तिथं तिथं काचेवरची साय, म्हणजे फोटो उमटतो तो पातळ थर, ओरखडली होती. सरळ धरली की प्लेट कोरी. पण मागं काळोख आणि बाजूनं ऊन आलं की प्रत्येक ओरखडा पेटत होता. तिनं पुसलेला एकेक तारा, त्याच्या जागेवर, लखलखत. तिचा हात इतका नेमका होता की मोठ्याचा मोठा आणि बारक्याचा बारका. 

मार्तंड सांगत होता, हे चार, हे तीन, हा मधला वसिष्ठ, आता ह्याच्या अंगाला बघ.

ऊन सरकलं असेल, तिनं प्लेट सरकवली असेल.

"दिसली," शालूबाई म्हणाली.

ह्या वेळी ते खरं होतं. तुम्हाला मी सांगतो, साक्षीला मी आहे.

पुढच्या अमावास्येला दुसरी प्लेट काढायची असं मार्तंडानं ठरवलं. वळवानं ती अमावास्या घालवली. मग लढाईमुळं बाहेरून प्लेटी यायच्या बंद झाल्या, आल्या त्या गिऱ्हाइकाला पुरेनात. पुढच्या साली, पुढच्या साली, असं म्हणत मी फळीवर वाट बघितली. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरोघरी माणसं गेली. मार्तंड काही दिवसांतच गेला.

दिवस झाल्यावर एका दुपारी अक्काताई सुनेपाशी येऊन बसली. मला वाटलं आता ही म्हातारी विष ओकणार. तिनं विचारलं, "शाले, लग्नात तुला अरुंधती दिसली हुती का गं? खरं सांग."

"लग्नात न्हाय, आत्ती. मागनं दिसली. तुमच्या लेकानं दावली."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. "मग तुझ्याकडं बोट न्हाय," म्हणाली, आणि दोघी एकमेकींना धरून बसल्या. त्या म्हातारीबद्दल मी जे जे वाकडं बोललो असेन ते ह्या एका वाक्यासाठी मागं घेतो.

दुकान शालूबाईनं जमेल तेवढं चालवलं, मग विकलं. कॅमेरा गेला, तिवई गेली, यल्लाप्पाची फळी कुणाच्या तरी चुलीत गेली. मला तिनं दिलं नाही. निपाणीला धाकट्या बहिणीकडं, जयाबाईकडं ती राहायला गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोनच जिनसा लुगड्यांत गुंडाळून होत्या, मी आणि ती प्लेट.

त्याला आता पाव शतक उलटून वर काही वर्षं झाली. ह्या घराला लागून तंबाखूची वखार आहे. ट्रंक उघडली की वास येतो, बंद केली तरी येतो. माझ्या आत भिंगांच्या मध्ये बुरशीचे कोळ्यासारखे धागे पसरलेत, म्हणजे मला मोतीबिंदू झालाय म्हणा. आता लांबचंही धुकं. शालूबाईचे दिवसाचे डोळेही गेले. घरातली पोरं तिला आंधळी आजी म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. परवा गावात झेंडा चढला, साहेब कायमचे गेले म्हणे. दारोदार दिवे लागले. म्हातारी जयाबाईला विचारत होती, लई उजेड पडला असंल न्हाय? आणि पोरं वाऱ्यासारखी पळत होती, तिला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

रोज दुपारी ती ट्रंक उघडते. मला बाजूला करते, प्लेट मांडीवर घेते आणि बोटाच्या टोकानं चाचपते. ओरखडे हाताला लागतात तिच्या. चार, मग तीन, मग मधल्याच्या अंगाला नख थांबतं. तिथं ती बसून राहते. मला तेव्हा ट्रंकेच्या उघड्या झाकणाखालून आभाळाचा वास आल्यासारखं वाटतं. आभाळाला वास नसतो हे मला कळतं. पण मी म्हातारा आहे, मला काहीही वाटू शकतं.

माझं मागणं मोठं नाही. मला दुरुस्त करा असं म्हणणार नाही, ते आता होत नाही. गडावर न्या असंही नाही, नेलं तरी मला दिसणार काय? पण तुम्हाला डोळे आहेत. वैशाखात जेवणं झाली की अंगणात या, उत्तरेला बघा. सात आहेत. शेपटीकडून दुसरा धरा आणि त्याच्या कुशीत नीट न्याहाळा. ती बारकी दिसली, तर नुसतं मनात ठेवून घरात जाऊ नका. मोठ्यानं म्हणा, दिसली. वखारीमागच्या ह्या घरात एक बाई अंधारात कान देऊन बसलेली असते.

आणि तिच्या पायाशी, ट्रंकेत, मी.